म्युनिकमधला अरुंद जिना

मोबाइल घरीच ठेवा. अंगातला टी-शर्टही काढा. आपण जिथे निघालोय तिथे रविवारी सकाळी कोटाशिवाय बाहेर पडलेला माणूस लोकांच्या नजरेत भरतो, आणि आज तुम्हाला कुणाच्या नजरेत भरायचं नाही. घ्या, हा लोकरीचा कोट. ऑगस्टचं ऊन आहे, माहीत आहे मला, तरी बटणं लावा. खळ घातलेली ही कॉलर मानेला काचेल. इथे ती सगळ्यांच्याच मानेला काचते. खिशात थोडी नाणी असू द्या. झालं? आता डोळे मिटा आणि उघडा.

म्युनिक, १९३७. डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. भिजवून भाजलेल्या बार्लीचा गोडसर, उबदार वास शहरभर पसरलाय. बिअर गाळणारं हे गाव, तो वास दिवसभर कोटातून जाणार नाही. त्यात ट्रामच्या रुळांचं तापलेलं लोखंड, सिगारचा धूर, आणि कपाटातून वर्षभराने बाहेर काढलेल्या कपड्यांमधल्या डांबरगोळ्या. निळी-पांढरी ट्राम घंटा ठणठणावत तुमच्या कोपराला चाटून जाते. मारीएनप्लात्सच्या चौकात सगळ्यांच्या माना वर आहेत. अकरा वाजलेत, टाउन हॉलच्या मनोऱ्यातल्या घंटा गाऊ लागल्यात आणि तांब्याच्या बाहुल्या गोल फिरतायत. एका छोट्या मुलीला बापाने खांद्यावर घेतलंय. तिच्या बुटांची धूळ शेजारच्या बाईच्या टोपीवर पडतेय, आणि बाई हसून ती झटकते आहे. बघून घ्या हे हसू. इथली माणसं राक्षसांसारखी दिसत नाहीत, आणि ही गोष्ट आज दिवसभर लक्षात ठेवायला लागेल.

भूक लागली असेल तर आत्ताच खा. इथली पांढरी सॉसेज दुपारच्या घंटा वाजायच्या आत खायची असते. गरम पाण्यातून काढलेली, साल सोडवून गोड मोहरीत बुडवलेली, सोबत जाड मीठ लावलेला ब्रेत्सेल. बोटं चिकट होतात, रुमाल पुरत नाही. शेजारच्या बाकावरचे दोघे तुमच्याकडे न बघताच सरकून जागा देतात. त्यांच्या बोलण्यात आज एकच विषय आहे. ‘बघितलंस का?’ ‘अजून नाही. म्हणे आत शिरायला जागा नसते.’

चला, तिकडेच जायचंय.

उत्तरेकडे रेसिडेन्झश्ट्रासने चालत सुटलात की पुढे तीन कमानींचा मंडप दिसेल, फेल्डहेर्नहाले. त्याच्या बाजूच्या भिंतीवर नाझी पक्षाच्या मृतांची पाटी आहे आणि पाटीपुढे पहारेकरी. समोरून जाणाऱ्या प्रत्येकाने उजवा हात ताठ वर करायचा. तुमच्या पुढे चाललेला पोस्टमन करतो. पिशवी सावरत म्हातारी करते. पहारेकऱ्याच्या गालावरून घाम ओघळतोय, पण तो पुसत नाही. तुमचा हात तुमच्या अंगाशीच राहिला तर काय होईल, हे तुम्हाला नेमकं माहीत नाही. इथल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणून डावीकडे बघा: व्हिस्कार्डीगास्से, जेमतेम काही पावलांची गल्ली. दोन बायका गप्पा मारता मारता तिच्यात वळल्या, मागून एक गृहस्थ वळला. लोक तिला पळपुट्यांची गल्ली म्हणतात. वळा तुम्हीही. भिंतींमध्ये एकदम गारवा लागतो. बुटांचे आवाज मोठे होतात. पलीकडच्या रस्त्यावर बाहेर पडताना त्या गृहस्थाची आणि तुमची नजरानजर होते, आणि दोघेही लगेच दुसरीकडे बघता.

चौक ओलांडून कमानीतून आत गेलात की हॉफगार्टन. पायांखाली खडी करकरते. झाडांच्या सावलीत बाकांवर वर्तमानपत्रं उलगडलेली. बागेच्या उत्तर कडेला कमानींची लांबलचक ओसरी, तिच्यातल्या एका इमारतीच्या दारापाशी ही रांग. रांग कसली, गर्दीच. सैनिक आहेत, कारखान्यातले कामगार आहेत, चामड्याच्या अर्ध्या चड्डीतले खेडूत आहेत, रविवारच्या मोजेजोडीतल्या बायका आहेत. प्रवेश फुकट. फक्त मुलांना बंदी, तसं दारावरच लिहिलंय. एक बाप आपल्या बारा-तेरा वर्षांच्या पोराला बाकावर बसवून लिंबू सरबताला नाणं देतो आणि स्वतः रांगेत घुसतो. मुलांना जिथे मनाई, तिथे मोठ्यांची झुंबड उडते.

आत ‘विकृत कला’ नावाचं प्रदर्शन आहे. १९ जुलैला उघडलं. जर्मनीभरच्या संग्रहालयांतून ओरबाडून आणलेली सहाशेच्या वर चित्रं आणि शिल्पं, शंभराहून जास्त कलावंत. चित्रकार आडोल्फ झीग्लरच्या हाती जूनच्या शेवटी हुकूम आला आणि तीन आठवड्यांच्या आत भिंती भरल्या. उद्देश असा की लोकांनी बघावं, हसावं, थुंकावं. इथून चालत जाण्याच्या अंतरावर, प्रिन्झरेगेंटेनश्ट्रासवर, सरकारला पसंत असलेल्या चित्रांचं नवंकोरं मंदिर उभं आहे. हवं तर जाऊन या. तिथे संगमरवर गार लागतो, छत उंच आहे, लोक देवळात आल्यासारखे कुजबुजतात आणि पाच मिनिटांत कंटाळतात. गर्दी इथे आहे. नोव्हेंबर संपेपर्यंत वीस लाखांवर माणसं या दारातून जाणार आहेत, दिवसाला सरासरी पंधरा हजारांच्या आसपास.

आता जिना. संध्याकाळी सहाला दादर स्टेशनच्या पुलावर तुम्ही उभे राहिला असाल, तर हा जिना तुम्हाला ओळखीचा वाटेल. पाय तुम्ही उचलत नाही, तो उचलला जातो. समोरच्याची पाठ तुमच्या नाकाला, मागच्याचं पोट तुमच्या कमरेला. लोकर, घाम, केसांचं पोमेड. लाकडी कठडा शेकडो तळव्यांनी ओलसर झालाय. वर पोहोचता पोहोचता मान वर करायला जागा मिळते आणि थेट तोंडासमोर एक प्रचंड लाकडी ख्रिस्त उभा राहतो, पिळवटलेला, बरगड्या बाहेर आलेल्या. लुडविग गीसने तो ल्युबेकच्या कथीड्रलसाठी घडवला होता. तिथे लोक त्याच्यासमोर गुडघे टेकत असतील, इथे त्याला मुद्दाम अशा जागी ठेवलाय की धापा टाकत आलेल्या माणसाने दचकावं. एक तरुण दचकतो, आणि दचकल्याची लाज झाकायला मोठ्याने हसतो. त्याचं हसू मागे पायरी पायरी खाली उतरत जातं.

खोल्या अरुंद आहेत, छत ठेंगणं. ही पुरातत्त्व संस्थेची इमारत, प्राचीन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती ठेवायची. अजून हवेत प्लास्टरची कोरडी धूळ आहे, घसा खवखवतो. खिडक्यांपुढे घाईघाईने फळ्या ठोकून त्यांवर गोणपाट ताणलंय आणि गोणपाटावर चित्रं. एकाला एक खेटून, काही तिरकी, काही चौकटीविना. मधल्या जागेत जाड अक्षरांत खरडलेली हेटाळणी. चित्राखाली किंमत आणि ती करदात्यांच्या घामातून दिल्याची चिठ्ठी. यातल्या कित्येक किमती महागाईच्या त्या भयंकर काळातल्या आहेत, जेव्हा पावालाही लाखो मार्क पडत. हे चिठ्ठीवर कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्या शेजारची कामगार बाई आकडा वाचते, ओठ हलवत शून्यं मोजते, आणि तिचा चेहरा खरोखर लाल होतो. तिला फसवलंय, पण तिचा राग खोटा नाही. तो तुमच्या दंडाला जाणवतो इतकी ती जवळ उभी आहे.

इथे, पहिल्याच खोलीत, थांबा. ढकलतील, तरी थांबा.

नऊ चित्रं एकत्र. मधोमध क्रूसावरचा ख्रिस्त, पिवळट अंगाचा, तांबडट केसांचा. दोन्ही बाजूंना चार-चार. डावीकडे ख्रिस्तजन्माची रात्र: मेरीने नुकतंच जन्मलेलं बाळ दोन्ही हातांनी उंच धरलंय आणि ती त्याच्याकडे बघतेय, जणू जगात पहिल्यांदाच कुणी आई झालंय. लाल, हिरवा, जांभळा, निळा, सगळे थेट डोळ्यांत घुसणारे. या गोणपाटाच्या, घामाच्या, धुळीच्या खोलीत ते रंग एवढे ताजे आहेत की तुम्ही क्षणभर कॉलरचं काचणंही विसरता. चित्रकार एमिल नोल्डे. १९११-१२ मध्ये काढलेली ही मालिका एसेनच्या फोल्कवांग संग्रहालयातून इथे आणलीय आणि भिंतीवरचा मजकूर तिच्यावर देवाच्या विटंबनेचा आरोप करतोय.

‘माझं शेंबडं पोर याच्याहून बरं काढील!’ कुणीतरी ओरडतं. हशा. पण सगळे हसत नाहीत. कोपऱ्यात टोपी हातात घेतलेला एक म्हातारा ओठ घट्ट मिटून एकाच चित्रासमोर उभा आहे. लोंढा त्याला पुढे नेतो, तो वळसा घालून पुन्हा येतो, पुन्हा तिथेच. काही माणसं इथे या चित्रांचा निरोप घ्यायला येतात. ती बोलत नाहीत. इथे कोण कुणाच्या शेजारी उभं आहे ते कुणालाच ठाऊक नसतं.

आता तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतंय. घसा दाटलाय. बिचारा नोल्डे, असं वाटतंय. कालच, ७ ऑगस्टला, त्याला सत्तर वर्षं पूर्ण झाली, हे सांगितलं तर आणखीच वाटेल. संग्रहालयांतून ज्याची सर्वांत जास्त कामं जप्त होणार आहेत तो हाच कलावंत, एकूण १,०५२. सत्तरीच्या माणसाचा असा अपमान! त्याच्यासाठी कुणाशी तरी भांडावंसं वाटतंय.

भांडा. मीही भांडते. पण त्याआधी चार पावलं पुढे चला, दोन-तीन खोल्या पार करून. कोपरं वापरा, इथे सगळेच वापरतात. ही चित्रं माक्स पेख्श्टाइनची. उन्हाने भाजलेली अंगं, पाणी, होड्या. नोल्डे आणि पेख्श्टाइन एकेकाळी ‘ब्रुके’ या एकाच गटात होते. आणि १९३३ मध्ये याच नोल्डेने प्रचार मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याला सांगितलं की पेख्श्टाइन ज्यू आहे. पेख्श्टाइन ज्यू नव्हता. असता, तरी सांगण्याचा अर्थ तोच होता. त्या वर्षी त्या खात्यात असं काही सांगण्याने माणसाचं काय होऊ शकतं, हे सांगणाऱ्याला पुरतं ठाऊक होतं.

नोल्डे पक्षाचा सभासद आहे, १९३४ पासून. त्याच वर्षी छापलेल्या आत्मचरित्रात त्याने ज्यूंविषयी विखारी मजकूर लिहिलाय. आपणच खरे जर्मन चित्रकार, एक दिवस या राजवटीला ते उमगेल, अशी त्याची खात्री आहे. आणि राजवटीने त्याला इथे टांगलंय, ज्याच्यावर त्याने बोट दाखवलं त्याच्यासोबत, तशाच गोणपाटावर.

उकडतंय ना? मलाही. ही गोष्ट उभ्याने पचत नाही.

या इमारतीत कोण हवं आणि कोण नको, याचे हिशेब सारखे बदलतायत. फ्रांझ मार्कचं निळ्या घोड्यांचं मोठं चित्र सुरुवातीला इथे होतं. मार्क पहिल्या महायुद्धात व्हेर्दांला मारला गेलेला सैनिक. माजी अधिकाऱ्यांच्या संघटनेने तक्रार केली आणि ते चित्र उतरवण्यात आलं, त्याची बाकीची राहिली. रुडॉल्फ बेलिंगची तर दोन शिल्पं इथे विकृत म्हणून आणि मुष्टियोद्धा माक्स श्मेलिंगचा पुतळा त्या संगमरवरी मंदिरात आदर्श म्हणून मांडलेला. लक्षात आल्यावर घाईघाईने इथली हलवली. माक्स बेकमान हे प्रदर्शन उघडलं त्याच दिवशी सामान बांधून आम्सटरडॅमला निघून गेला. पुढच्या वर्षी व्हिएन्नाचा वॉल्टर लँगहॅमर आपल्या ज्यू पत्नीसह मुंबई गाठेल, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कला-संचालक होईल, आणि नेपियन सी रोडवरच्या त्याच्या घरी रझा, आरा यांच्यासारखे तरुण चित्रकार रंगांवर वाद घालतील. या जिन्यावरच्या घामाचा एक थेंब आपल्याकडेही पोहोचला, एवढंच इथे सांगते.

बाहेर या. श्वास घ्या. बाकावरच्या पोराचं सरबत संपलंय, तो बापाला विचारतो, ‘आत काय होतं?’ बाप म्हणतो, ‘घाण.’ मग थोडा थांबून म्हणतो, ‘रंग होते.’

आता तुम्हाला आणखी एका ठिकाणी न्यायचंय. कोट राहू दे, तिथे वारा आहे.

झेब्युल, उत्तर टोकाला, डेन्मार्कच्या सीमेजवळ. जुलै १९३८. सपाट, ओली कुरणं, गाई, आणि जमिनीच्या दुप्पट आभाळ. वाऱ्याला समुद्राची खारट चव आहे. उंचवट्यावर काळपट विटांचं कोनाकोनाचं घर, खाली बाग. अफू, लिली, सूर्यफुलं, एवढ्या गर्दीने फुललेली की मधमाश्यांचा आवाज घरापर्यंत येतो. बागेतल्या वाटा ए आणि ई या अक्षरांच्या आकारात आखल्यात, आदा आणि एमिल. नवऱ्याने आणि बायकोने स्वतः लावलेली बाग. टर्पेंटाइनचा वास येतो त्या दिशेने चला.

टेबलाशी म्हातारा बसलाय. रंगांचे डाग पडलेली नखं. तो पत्र लिहितोय, प्रचारमंत्री गोबेल्सना. त्याच्या खांद्यावरून वाचा. आपली जप्त चित्रं परत द्या, असं तो मागतोय. आणि कारण काय देतोय? की त्याच्यावरचा हा आळ विशेष दुखावणारा आहे, कारण जर्मन कलेत परक्यांचा शिरकाव होऊ नये म्हणून तो नाझी चळवळीच्याही आधीपासून जवळजवळ एकटा लढला. तो दिलगीर नाही. तो घाबरून खोटंही लिहीत नाही, निदान मला तसं वाटत नाही. त्याचं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही चुकीच्या माणसाला भिंतीवर टांगलं. भिंत योग्यच होती, असं त्यात गृहीत धरलेलं आहे.

ख्रिस्ताची ती नऊ चित्रं त्याला १९३९ मध्ये परत मिळाली. १९४१ मध्ये कलावंतांच्या सरकारी मंडळातून काढून टाकल्याचं पत्र आलं: विकायचं नाही, दाखवायचं नाही, छापायचं नाही. चित्र काढायलाच बंदी, आणि तेलरंगाच्या वासाने चोरी उघड होईल म्हणून गुपचूप केलेले छोटे जलरंग, ही हकिकत युद्धानंतर तयार झाली. ती इतकी सुंदर होती की झिगफ्रिड लेंत्सच्या १९६८ च्या ‘डॉइचश्टुंडं’ कादंबरीतल्या चित्रकारामागे लोकांना नोल्डेच दिसला, आणि ती कादंबरी जर्मनीभरच्या शाळांतून वाचली गेली. आत्मचरित्राच्या नव्या आवृत्तीतून ज्यूंविषयीचे परिच्छेद गळले. छळलेला माणूस निर्दोषच असणार, हे मानणं किती सोपं असतं, ते तुम्ही तासाभरापूर्वी त्या पहिल्या खोलीत अनुभवलंत.

शेवटची उडी. कोट काढून टाका, आता चालेल.

बर्लिन, २०१९, हाम्बुर्गर बानहोफ. पूर्वीचं रेल्वे स्टेशन, आता संग्रहालय. पाठीवरच्या पिशव्या लॉकरमध्ये, कॉफीचा वास, उंच पांढऱ्या भिंती, आणि चित्रांमध्ये श्वास घ्यायला भरपूर अंतर. कुणी ढकलत नाही. भिंतींवर नोल्डेचे तेच पेटते रंग, आणि जवळच कागद. पत्रं, मसुदे, अर्ज. झेब्युलच्या संग्रहाचं दप्तर अभ्यासकांना खुलं झालं आणि बर्नहार्ड फुल्डा, आया झोइका, क्रिस्टियान रिंग यांनी ते लोकांसमोर मांडलं. चित्र पाहायचं, वाकून पत्र वाचायचं, पुन्हा चित्राकडे बघायचं. मान दुखते, कॉलर नसतानाही. समोर ‘ब्रेखर’ आहे, १९३६ ची ती फुटणारी लाट. कालपरवापर्यंत ती चॅन्सेलर आंगेला मेर्केल यांच्या कचेरीत होती. त्यांनी ती आणि १९१५ चं बागेचं चित्र परत केलं. त्या जागी चित्रकार श्मिट-रोटलुफची चित्रं लावायचा विचार झाला, तर त्याच्याही पत्रांत ज्यूंविषयीचा द्वेष सापडला. भिंत कोरी राहिली.

इथे मात्र गर्दी गप्प नाही. एक बाई म्हणते, चित्राचा काय गुन्हा? तिचा मुलगा म्हणतो, मग पत्र लिहिणारा हात कुणाचा होता? एक वयस्कर गृहस्थ हळू आवाजात सांगतो की शाळेत त्याला ती कादंबरी होती, आणि आज कुणीतरी आपल्याला पन्नास वर्षं गोष्ट सांगत होतं असं वाटतंय. तो चिडलेला नाही, दुखावलेला आहे. त्याच्याशी बोला. तुम्ही ते गोणपाट पाहिलंय, त्याने फक्त ऐकलंय.

मला विचाराल तर ही चित्रं तळघरात टाकू नयेत. म्युनिकमध्ये त्यांना लाज म्हणून टांगलं होतं, तळघरात टाकलं तर आपणही न बघण्याचीच सोय करू. ती उजेडात असावीत, पत्रं त्यांच्याच उंचीवर, त्याच प्रकाशात, कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत नव्हे. आणि चॅन्सेलरच्या कचेरीतली ती कोरी भिंत माझ्या हातात असती, तर मी लाट तिथेच ठेवली असती आणि तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, पेख्श्टाइनचं एक चित्र लावलं असतं.